शिलकीचं अंदाजपत्रक

'शिल्लक' हा शब्द बँकेत ऐकला तर माणसाचा चेहरा खुलतो आणि स्वयंपाकघरात ऐकला तर पडतो. मी गेली बावीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. "खात्यात शिल्लक आहे हो," असं काउंटरवरून सांगितलं, की समोरचे गृहस्थ छाती पुढे काढून पैसे काढायची स्लिप भरायला जातात. तेच गृहस्थ घरी गेल्यावर त्यांची बायको म्हणते, "सकाळची दुधीची भाजी शिल्लक आहे हो," आणि ती छाती निमूटपणे जागेवर परत जाते.

तसं पाहिलं तर रोजच्या शिलकीचा फारसा प्रश्न नसतो. तिचे नियम आपल्या आज्यांनी केव्हाच करून ठेवले आहेत. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी, उरलेली भाकरी ताकात कुस्करायची, उरलेलं वरण कणकेत मळायचं. त्यात घरच्या कर्त्या पुरुषाला मत विचारायची पद्धत नाही. दिवाळीच्या फराळाचंही ठरलेलं आहे. डब्याच्या तळाचा चिवडा मिसळीत जातो, चकल्यांचा चुरा दह्यात जातो आणि शंकरपाळे मोलकरणीच्या मुलापासून ते गॅसवाल्यापर्यंत जो दारात येईल त्याच्या हातावर जातात. अनारसे मात्र कधी उरत नाहीत, कारण ते मुळात जमतच नाहीत.

पण सणाच्या मुख्य पक्वान्नाची शिल्लक ही फार वजनदार गोष्ट असते. हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. त्या दिवशी टर्की नावाचा कोंबडीचा थोरला चुलता अख्खाच्या अख्खा भाजतात. पक्षी सहासात किलोचा आणि खाणारी माणसं चार. मग शुक्रवारी टर्कीचं सँडविच, शनिवारी टर्कीच्या हाडांचं सूप, आणि रविवारी टर्की पुढ्यात आली की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. भाचा सांगत होता, की सोमवारी त्याची बायको उरलेल्या पक्ष्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावते, तेव्हा कुठे तो माणसात येतो.

आमची टर्की म्हणजे उकडीचे मोदक.

आता थोडा भूगोल. मी नोकरीला पेणला आणि आमचं मूळ घर रोह्याला. पेण म्हणजे गणपतींचं माहेर. तिथे आणि आसपासच्या हमरापूर, जोहे वगैरे गावांत वर्षभर गणपती घडतात आणि तिथून ते जगभर जातात. इतर गावांत गणपती वर्षातून एकदा येतो, पेणमधून तो जातो. तिथेही शिलकीचा प्रश्न आहेच. चतुर्थीच्या दिवशी दुपारी कारखान्यातून डोकावलं तर न विकलेले दोनचार गणपती फळीवर बसलेले दिसतात. त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतात आणि पुढच्या वर्षी रंगाचा एक हात देऊन खाली उतरवतात. प्रत्यक्ष देवाची जिथे ही गत, तिथे मोदकाचं काय घेऊन बसलात!

रोह्याला आमचा पाच दिवसांचा, गौरींबरोबर जाणारा गणपती. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा असा गाडीने प्रवास. मांडीवर बाप्पा आणि पायाशी बॅग. रोह्याला उतरलो, की बँकेत नोकरी करत असल्याचा मला एक विशेष अभिमान वाटतो, कारण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले सी. डी. देशमुख यांचं बालपण याच रोह्यात गेलं. एवढ्या मोठ्या माणसाने जिथे बेरीज-वजाबाकी गिरवली, त्या गावात आमच्या आईने मात्र आयुष्यभर तोट्याचा एकच व्यवहार नेमाने केला. ती चतुर्थीला मोदक करायची एकशे एक.

मी बी. कॉम. आहे. तेव्हा आकडेवारी देतो. घरात खाणारी माणसं पाच. आई दोन मोदक खाते. सौ. तीन. मुलगा चार. मुलगी कॉलेजात असल्यामुळे दोन, तेही तूप न घेता. मी पाच, म्हणजे जाहीरपणे पाच. एकूण सोळा. आल्यागेल्याला आणि शेजारीपाजारी मिळून पंचवीस. सोळा आणि पंचवीस एकेचाळीस. एकशे एकातून एकेचाळीस गेले, राहिले साठ. नैवेद्याचे एकवीसही यातच आले, कारण देव फक्त बघतो. पाच माणसांच्या घरात साठ मोदक म्हणजे माणशी बारा!

बरं, मोदक हा पदार्थ ठेवायला फार अवघड. बाहेर ठेवावा, तर ओल्या नारळाचं सारण भाद्रपदातल्या दमट हवेत रात्रीत आंबतं. फ्रिजमध्ये ठेवावा, तर तांदळाची उकड गार होऊन दगडासारखी होते. भात काय किंवा उकड काय, त्यातलं स्टार्च थंडीने घट्ट होतं आणि फ्रिजमध्ये ते जास्तच लवकर घट्ट होतं, असं शास्त्र आहे. मला ते शास्त्र माहीत नव्हतं तेव्हा मी पंचमीच्या सकाळी फ्रिजमधला मोदक थेट चावला होता. त्या दाताचं काम नंतर तीन बैठकांत झालं.

तेव्हा शिलकी मोदकांचे जे मार्ग आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आले, ते अनुभवाने सांगतो.

पहिला मार्ग, पुन्हा वाफवणे. मोदकपात्रात हळदीचं पान घालून दहा मिनिटं वाफ दिली, की घट्ट झालेली उकड पुन्हा मऊ होते. हा मार्ग सरळ आणि सज्जन आहे, पण त्यात मोदक कालचाच राहतो.

दुसरा मार्ग, तुपात परतणे. तव्यावर तूप सोडून मोदक आडवा करायचा आणि बुडाला खरपूस डाग पडेपर्यंत हलवायचा नाही. बाहेरून कुरकुरीत, आत गूळ वितळलेला. खरं सांगायचं तर चतुर्थीचा ताजा मोदक देवासाठी असतो आणि पंचमीचा हा परतलेला मोदक माणसांसाठी. डॉक्टरांना यातलं काही कळवू नये.

तिसरा मार्ग, ज्या मोदकांची नाकं मोडली आहेत किंवा पोटं फुटली आहेत ते गरम दुधात कुस्करून वेलची घालणे. याला आमच्याकडे नाव नाही. नाव विचारलं तर आई म्हणते, "खा गुपचूप."

चौथा मार्ग कच्च्या मालाचा. सारण उरलं तर पोळीत भरायचं. उकड उरली तर तिच्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ मळून छोट्या छोट्या निवगऱ्या थापायच्या आणि वाफवून तेलाबरोबर खायच्या. गोडाने जीभ मंदावलेल्या माणसाला निवगरी म्हणजे प्रमोशन. आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने एकेक ठेवलेला जो नारळांचा ढीग, त्याच्या वड्या. त्या वड्या पितृपक्षापर्यंत पुरतात आणि मग त्याही पितरांच्या नावाने खपवता येतात.

पाचवा मार्ग वाटपाचा. ऐकायला हा सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात सर्वांत निष्फळ. आपण डावीकडच्या घरी सात मोदक द्यावेत, तर तो डबा रिकामा परत करायची रीत नाही, म्हणून ते आपल्याला त्यांचे सात देतात. उजवीकडेही तेच. बँकांच्या क्लिअरिंगमध्ये याचे चेक त्याला आणि त्याचे चेक याला जाऊन संध्याकाळी हिशेब जसा जागच्या जागी राहतो, तसंच हे. फरक एवढाच, की गेलेल्या मोदकांना अकरा कळ्या असतात आणि आलेल्यांना नऊ. एकदा तर आमचाच एक मोदक तीन घरं फिरून आमच्याच डब्यात परत आला. आईने त्याला नाकावरून ओळखला. न वटलेला चेक परत यावा तसं त्याचं तोंड झालं होतं.

ज्या वर्षी रजा मंजूर होत नाही त्या वर्षी पंचमीला डबा घेऊन मी पेणच्या शाखेत जातो. पण तिथे प्रत्येक टेबलावर तसाच एकेक डबा असतो. प्रत्येक जण दुसऱ्याला आग्रह करतो आणि स्वतः "नको, सकाळी घरीच झालं," म्हणतो. त्या दिवशी ग्राहक काउंटरवर आला, की आधी त्याच्या हातावर मोदक पडतो आणि मग पासबुक. बँकेच्या ग्राहकसेवेबद्दल लोक काहीही म्हणोत, पंचमीला आमच्याकडून तक्रारीला जागा राहत नाही.

आणखी एक अडचण पंचमीचीच. ही नुसती पंचमी नव्हे, ऋषिपंचमी. त्या दिवशी आई आणि तिच्यामागून सौ. बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातला तांदूळ वर्ज्य, म्हणजे मोदकही वर्ज्य. त्या दोघी परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी शांतपणे खातात आणि साठ मोदकांचा भार घरातल्या पुरुषमंडळींवर येऊन पडतो. करणाऱ्यांनी करून मोकळं व्हायचं आणि संपवायचं खालच्या स्टाफने, ही पद्धत बँकेतूनच घरात आली की घरातून बँकेत गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी एकदा मी शास्त्राचा आधार घेतला. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाला तामस म्हटलं आहे. आणि गीता मराठी माणसाला सोपी करून सांगणारे विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांचा १८९५ सालचा जन्म तिथला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. म्हणजे हा विषय आमच्या तालुक्याच्या अखत्यारीतला. मी आईला म्हटलं, "शिळं खाऊ नये असं प्रत्यक्ष भगवंताने सांगितलंय."

आई म्हणाली, "आणि श्रावणातली शिळासप्तमी कोणी सांगितली? त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचंच खायचं. ती काय तुझ्या मॅनेजरने काढली?"

यावर मला बोलता आलं नाही. आमच्या बँकेतही असंच असतं. मूळ नियम एक सांगतो आणि नंतरचं परिपत्रक दुसरंच.

पण तीन वर्षांपूर्वी मी कंबर कसली. चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस वही घेऊन आईपुढे बसलो. डावीकडे उत्पादन, उजवीकडे खप, खाली शिल्लक. तिला म्हटलं, "हे बघ, सरकारचं अंदाजपत्रक शिलकीचं असलं तर टाळ्या पडतात. आपलं शिलकीचं म्हणजे निव्वळ नुकसान. साठ मोदकांचा नारळ, गूळ, पिठी आणि तुझे दोन तास. तू आता शहात्तर वर्षांची झालीस. एकेचाळीस कर. एकेचाळीस हा आकडाही शुभ आहे."

आईने चष्मा लावून वही पाहिली. ती माझ्या कुठल्याही कागदाकडे फार आदराने पाहते. मग म्हणाली, "बरं. पण कोणाचे कमी करू?"

"कोणाचे म्हणजे? सरसकट कमी कर."

"सरसकट," आई म्हणाली आणि वही बंद करून मला परत दिली.

या ठिकाणी दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझा थोरला भाऊ, डोंबिवलीला असतो. अप्पा गेले त्या वर्षी आमचं मागच्या पडवीवरून बिनसलं. पडवी बारा फूट लांब आणि सात फूट रुंद. पावसाळ्यात गळते, उन्हाळ्यात तापते. ती आम्हा दोघांनाही नको होती, पण ती दुसऱ्याला मिळू नये याबद्दल आमचं एकमत होतं. एका कागदावर सही करायची राहिली, मग बोलणं राहिलं, मग येणंजाणं राहिलं. सहा वर्षं दादा गणपतीला रोह्याला आला नाही. फक्त चतुर्थीला सकाळी नऊ वाजता आईला त्याचा फोन यायचा. "मोदक झाले का?" असं तो विचारायचा आणि आई म्हणायची, "झाले. तुझे ठेवलेत." हे मी दरवर्षी ऐकत आलो होतो. बोलायची एक पद्धत असते, असं समजत होतो.

त्या वर्षी फोन आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "झाले." आणि फोन ठेवला. मी मनात म्हटलं, चला, बोलण्यातही बचत.

चतुर्थी अंदाजपत्रकाबरहुकूम पार पडली. एकेचाळीस झाले आणि एकेचाळीस गेले. संध्याकाळच्या आरतीला आलेल्या शेवटच्या काकांच्या हातावर शेवटचा मोदक पडला आणि मला, दिवसअखेर कॅश पहिल्या फटक्यात जुळल्यावर होतो, तसला आनंद झाला. पितळी डबा रात्रीच घासूनपुसून पालथा घातला. मी तो सौ.ला दोनदा दाखवला. ती म्हणाली, "झोपा आता."

पंचमीला सकाळी घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मुलगा दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आला. मुलगी, जी चतुर्थीला तूप नको म्हणते तीच, म्हणाली, "आज तव्यावरचे नाहीत?" मी तिला शून्य शिलकीचं महत्त्व समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन बिस्किटं खायला गेली.

अकरा वाजता दारात दादा उभा. बरोबर वहिनी आणि त्यांचा मुलगा. वहिनींचं माहेर माणगावचं. तिकडच्या गौरींना जाताना दिव्याची गाडी धरून रोह्यापर्यंत आले होते आणि पुढे एस.टी.ने जाणार होते. "म्हटलं, वाटेवर आहे, तर देवाला नमस्कार करून जाऊ," दादा म्हणाला. सहा वर्षं हीच वाट होती. पण ते कोणी बोललं नाही.

नमस्कार झाले. माणसं बसली. सौ.ने पाणी दिलं, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. घरात द्यायला काहीच नव्हतं. मी घाईने चप्पल घालून नाक्यावर गेलो, पाव किलो पेढे आणले आणि चांगल्या बशीत घालून दादापुढे धरले.

वहिनी म्हणाल्या, "कशाला उगाच त्रास घेतलात?"

बँकेत माझ्यासमोर दिवसाला शंभर माणसं येतात. त्यामुळे कुठलं वाक्य कोणत्या खात्यातलं, ते मला ओळखता येतं. हे वाक्य पाहुण्यांच्या खात्यातलं होतं. दादाने एक पेढा उचलला, तो न खाता हातात धरला आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. लहानपणी पंचमीच्या सकाळी तो तोंड धुवायच्या आधी जिथे जायचा, तिथे. पितळी डबा फळीवर होता तिथेच होता. त्याने तो सरळ केला, झाकण उघडलं आणि आत पाहिलं. डबा इतका लखलखीत होता, की दादाला त्यात स्वतःचाच चेहरा दिसला असेल.

"कालचे नाहीत?" त्याने विचारलं.

आई म्हणाली, "यंदा ह्याने अंदाजपत्रक केलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फळीवरचा डबासुद्धा माझ्याकडे बघत होता. आणि मला त्या क्षणी जे कळलं, ते बी. कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. ताजं काय, कोणालाही वाढता येतं. विकत आणलेला पेढा तर रस्त्यावरच्या माणसालाही देता येतो. पण "कालचं आहे, चालेल ना?" हे विचारायला समोर घरचंच माणूस लागतं. उरलेल्या अन्नावर फक्त घरच्यांचा हक्क असतो. त्या सकाळी मी घरात एकही मोदक उरू दिला नव्हता आणि सख्ख्या भावाला बशीत पेढा देऊन पाहुणा करून ठेवला होता.

वाचवलं ते सौ.ने. ती म्हणाली, "भावजी, कालचा नैवेद्याचा भात आहे पातेलंभर. फोडणी देऊ?"

भात माझ्या अंदाजपत्रकात नव्हता. भात नगावर मोजता येत नाही, म्हणून मी तो सोडून दिला होता. हिशेबातली एवढी एक चूक अशी उपयोगी पडली. सौ.ने तो रात्री फ्रिजमध्ये ठेवला होता, त्यामुळे शितन् शीत सुटं होतं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे. वर ओलं खोबरं आणि लिंबू. ऋषीची भाजी खाणाऱ्या त्या दोघींनी आम्हाला पानं घेतली. दादा पाटावर बसला आणि पेढा त्याने गुपचूप आपल्या पुतण्याच्या हातात सरकवला.

भात संपता संपता आईने कढई मध्ये आणून ठेवली. तळाला खरवड धरली होती. तांबूस, कुरकुरीत आणि एका कडेला थोडी करपलेली. या खरवडीवरून लहानपणी आम्ही एकमेकांना मारलेलं आहे. माझ्या डाव्या भुवईवरची खूण त्यातलीच. दादाने उलथनं घेतलं, खरवड सोडवली आणि मध्ये रेघ मारून दोन वाटे केले. त्याला पहिल्यापासून सरळ रेघ मारता येत नाही. एक वाटा मोठा झाला. त्याने तो माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "तू घे."

तो म्हणाला, "गप खा. करपलेली बाजू तुझ्याकडे आलीय."

मग तो आणि मी बराच वेळ काही न बोलता कुरकुर वाजवत खात होतो. पडवीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. खरं म्हणजे अजूनही निघालेला नाही. ती गळते तशी गळते. दोन वाजताची एस.टी. चुकली, म्हणून ते चारच्या एस.टी.ने गेले.

पुढच्या वर्षी मी वही काढली नाही. चतुर्थीला पहाटे पाणी प्यायला उठलो तर आई स्वयंपाकघरात एकटीच मोदक वळत बसली होती. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होती. आयुष्यभर मला वाटत आलं, की ती आकडे मोजते. त्या दिवशी दारामागे उभं राहून पहिल्यांदा नीट ऐकलं. आकडे नव्हतेच. "हे देवाचे... हे अप्पांचे... हे आत्याचे... हे दादाचे..." दादाचे अकरा झाले, मग माझे सुरू झाले. अप्पा जाऊन सात वर्षं झाली होती. आत्या तर माझ्या लग्नाआधीच गेली. पण आईच्या खातेवहीत एकही खातं बंद झालेलं नव्हतं. 'कोणाचे कमी करू?' हा प्रश्न तिने वर्षापूर्वी मला विचारला होता आणि मी त्याला 'सरसकट' असं उत्तर दिलं होतं. मी पाणी न पिताच परत जाऊन झोपलो.

त्या वर्षी एकशे एक झाले आणि साठ उरले. पंचमीला सकाळी दादा आला. आता तो दरवर्षी पंचमीलाच येतो. म्हणतो, चतुर्थी पाहुण्यांसाठी ठीक आहे. तव्यावरचे अकरा मोदक पानात घेतो आणि चार खाऊन थांबतो, कारण त्याला डॉक्टरांनी तेवढेच सांगितलेत. त्याचे राहिलेले सात आई डब्यात भरून डोंबिवलीला पाठवते. तिथे पोचेपर्यंत ते दगड होतात. वहिनी ते पुन्हा वाफवतात. आणि रात्री दहाच्या सुमारास त्यांचा फोन येतो.

"भावजी, दोन शिल्लक राहिलेत हो. काय करू?"

"असू द्या वहिनी," मी म्हणतो. "खात्यात थोडी शिल्लक असलेली बरी."